दुधाच्या पिशवीचा कोपरा

बरणी फुटली ती रविवारी रात्री. जाड, हिरवट काचेची, लिंबाच्या लोणच्याची बरणी. धुऊन ओट्यावर उपडी घालताना हातातून निसटली आणि फरशीभर तुकडे झाले. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, घरभर अनवाणी पळायचा. मी आधी त्याला उचलून पलंगावर बसवलं, "खाली उतरायचं नाही" असा दम दिला, मग फ्रिजखालून, सिलिंडरमागून, दाराच्या फटीतून एकेक तुकडा वेचला. केरसुणीनं दोनदा झाडलं. शेवटी ओल्या वर्तमानपत्रानं फरशी टिपली, कारण काचेचा चुरा केरसुणीला दाद देत नाही, ओल्या कागदाला मात्र चिकटतो. अर्धा तास गेला. ते सगळं एका कॅरीबॅगेत घातलं, गाठ मारली, कचऱ्याच्या बादलीत टाकलं आणि झोपले.

सोमवारी सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींचा हात कापला.

आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीशेजारी, त्या रोज सगळ्या घरांच्या बादल्या एका ताडपत्रीवर उपड्या करायच्या आणि हातानं निवडायच्या. मी ऑफिसला निघाले तेव्हा त्या टाकीच्या कठड्याला टेकून बसल्या होत्या. उजवा तळवा पदरात गच्च धरलेला, पदर लाल झालेला. समोर ताडपत्रीवर कॅरीबॅग फाटून पडली होती आणि तिच्यातून हिरवट काच बाहेर आली होती. कुणाच्या घरची, हे विचारायची गरज नव्हती.

रिक्षा केली, चौकातल्या दवाखान्यात नेलं. धनुर्वाताचं इंजेक्शन, चार टाके. परत येताना त्या म्हणाल्या, "ताई, काच येगळी द्यायची. म्हंजी माझा हात बी वाचतो, अन् काचंचं दोन रुपयं बी हुत्यात."

रागानं नाही म्हणाल्या. स्वयंपाकातलं काही सांगावं तसं सांगितलं. तेच मला जास्त लागलं. ज्या काचेनं त्यांचा हात फाडला, तीच काच कागदात गुंडाळून वेगळी दिली असती तर त्यांच्या मिळकतीत जमा झाली असती. आणि मुलाच्या पायात तुकडा जाऊ नये म्हणून मी अर्धा तास जे जे केलं, त्यातलं काहीही या हातांसाठी केलं नव्हतं. माझी काळजी उंबऱ्यापर्यंत होती. उंबऱ्याबाहेर होती ती फक्त कॅरीबॅगेची गाठ.

याला आता बारा वर्षं होऊन गेली. आमच्या घरात कचऱ्याचं जे काही बदललं, ते त्या सकाळपासून.

मावशींच्या गळ्यात तेव्हाही एक ओळखपत्र असायचं. ते मी रोज पाहत होते आणि कधी वाचलं नव्हतं. 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या पुढाकारानं आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातल्या काही कार्यकर्त्यांच्या साथीनं 1993 मध्ये पुण्यात कचरावेचकांची ही संघटना उभी राहिली. त्याआधी या बाया उकिरड्यावर, कचराकुंड्यांत हात घालून माल गोळा करत. कुत्री अंगावर येत, कुणी चोरीचा आळ घेई, पोलीस हटकत. ओळखपत्र मिळाल्यावर निदान 'मी कोण' हे सांगता येऊ लागलं. यातल्या कित्येकींची कुटुंबं 1972 च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आली. मावशींची आई त्यांतलीच, मराठवाड्यातून आलेली. पुढे याच संघटनेतून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये महापालिकेशी करार होऊन या बायका दारोदार कचरा गोळा करायला येऊ लागल्या. घरांकडून महिन्याचं शुल्क त्यांचं, आणि सुका माल विकून येणारे पैसेही त्यांचे.

मला त्या नावाचं फार वाटतं. कागद, काच, पत्रा. आपण ज्याला कचरा म्हणतो त्याला त्यांनी वस्तूंच्या नावानं हाक मारली. 'कचरा' हा शब्दच त्या नावात नाही. आणि प्लास्टिकही नाही. आज अशा संघटनेला नाव द्यायचं झालं तर पहिला शब्द तोच येईल.

मावशींनी टाके निघाल्यावर मला एकदा ताडपत्रीवर बसवून माल ओळखायला शिकवलं. हे कडक प्लास्टिक, हे पातळ. हा पुठ्ठा, ही रद्दी. पुठ्ठा भिजला की भाव गेला. भाजीच्या रश्श्यात माखलेलं वर्तमानपत्र कुणी घेत नाही. बिस्किटाचं आणि वेफर्सचं चकचकीत पाकीट हातात घेऊन त्यांनी चुरगाळलं, सोडलं, ते परत फुगून उघडलं. "ह्याला कोन इचारत न्हाई." त्या पाकिटात प्लास्टिकचे थर आणि धातूचा पातळ मुलामा एकमेकांना इतके घट्ट चिकटवलेले असतात की ते सुटे करणं परवडत नाही. म्हणून पाकीट कितीही स्वच्छ धुऊन दिलं तरी मावशींच्या पदरात काही पडत नाही. त्या दिवसापासून दुकानात पाकीट उचलताना मला ते चुरगाळून परत उघडणं दिसतं.

आणि दुधाची पिशवी. तिला चांगला भाव, पण धुतलेली आणि कोरडी हवी. एक गोष्ट त्यांनी मुद्दाम सांगितली. पिशवीचा कोपरा कापून तोडायचा नाही. चीर द्यायची, कोपरा पिशवीलाच राहू द्यायचा. तो तिकोनी तुकडा इतका लहान असतो की निवडताना हाताला लागत नाही. तो ओल्या कचऱ्यात जातो, नाहीतर गटारात. आमच्याकडे रोज दोन पिशव्या दूध. म्हणजे वर्षाला सातशे तीस तिकोनी तुकडे, एका घराचे. मी कात्री घेऊन किती वर्षं ते तोडत आले होते, याचा हिशेब त्या दिवशी पहिल्यांदा मनात आला. तरी सवय जायला पुढची तीन-चार वर्षं लागली. सासूबाईंचा हात तर दुधावर इतका बसलेला की बोलता बोलता कोपरा उडायचा.

हे सगळं वेगळं काढल्यावर जे उरतं, ते कुठे जातं?

जेजुरीला जाताना हडपसर ओलांडलं की मंतरवाडीच्या अलीकडे कचऱ्याच्या वासानं गाडीच्या काचा वर कराव्या लागतात, हे पुण्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पूर्वी पौड रस्त्यावर कोथरूडचा कचरा डेपो होता. तिथे आता मेट्रोचा डेपो आहे. 1991 पासून शहराचा कचरा मंतरवाडीजवळच्या उरुळी देवाचीला जाऊ लागला, पुढे फुरसुंगीची जमीनही त्यात गेली. ज्ञानोबांची पालखी दिवे घाटाकडे जाते ती याच रस्त्यानं. लाखो वारकरी त्या वासातून अभंग म्हणत चालत गेले आहेत. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं सांगितलं की आमच्या विहिरींचं पाणी गेलं. आंदोलनं केली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. गाड्या अडल्या की चार दिवसांत शहराचे कोपरे भरून वाहायचे, आणि आमच्या जिन्यात चर्चा व्हायची ती आमच्या इथल्या वासाची.

विहिरीचं पाणी का जातं, हे मला कळलं ते घरात खत करायला लागल्यावर. दुधीची साल, कोबीची पानं, कलिंगडाच्या फोडी यांत बहुतेक पाणीच असतं. ढिगात ते पाणी सुटतं आणि खाली उतरताना वाटेत जे भेटेल ते सोबत घेतं. पेन्सिल सेलमधलं, ट्यूबलाइटमधलं, रंगाच्या डब्यातलं, उरलेल्या औषधांतलं. साल बिचारी निरुपद्रवी. तिच्या सोबतीला आपण काय दिलं यावर सगळं. आणि ढिगाच्या पोटात हवा नसते. हवेवाचून कुजलं की मिथेन होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो, आणि पेटतोही. मुंबईत देवनारचं कचरा टाकायचं मैदान 1927 पासूनचं आहे. 2016 च्या जानेवारीत तिथे लागलेली आग दिवसच्या दिवस धुमसत होती, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. त्या धुरात कुणाच्या तरी घरची भाताची पेज होती, मटारच्या शेंगा होत्या, देवाला वाहिलेली शेवंती होती.

मी एक आठवडा आमच्या ओल्या कचऱ्याचं वजन केलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर, रोज रात्री, वहीत लिहून. चार माणसांच्या घरात दिवसाला सरासरी नऊशे ग्रॅम. वर्षाला सव्वातीनशे किलोच्या वर. त्यातलं बहुतेक पाणी. म्हणजे आम्ही डिझेल जाळून पाणी शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पाठवत होतो, दुसऱ्याच्या विहिरीत मुरायला.

गच्चीवर दोन जुनी पिंपं होती. नवऱ्यानं त्यांना ड्रिलनं भोकं पाडली, तळाला विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या घातल्या, आणि आम्ही रोज त्यात कचरा ओतायला लागलो. जून होता. पंधरा दिवसांत पिंपातून काळं पाणी गळायला लागलं, वास जिन्यापर्यंत आला, आणि झाकण उघडलं तर आत राखाडी रंगाच्या जाड अळ्या वळवळत होत्या. गच्चीखालच्या घरातल्या काकू वर आल्या. त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्यांच्या खिडकीवरून ओघळ गेला होता. मी दोन दिवस त्या पिंपाकडे फिरकले नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक काका राहत, शेतीखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पिंपात डोकावून पाहिलं, मूठभर माल हातात घेऊन दाबला, बोटांमधून पाण्याची धार लागली. "ह्याला नुसतं ओलं खायला घालताय," ते म्हणाले. "पोट बिघडणार नाही तर काय?" मग त्यांनी कर्ब आणि नत्राचा, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनचा, हिशेब समजावला. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस ते तीस भाग लागतात. भाजीच्या सालींत नत्र जास्त, कोरड्या पानांत आणि पुठ्ठ्यात कर्ब जास्त. साली एक टोपली घातल्या तर कोरडी पानंही निदान टोपलीभर हवीत. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी पडतेय, माल हलवा. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त झालंय, पानं घाला. मूठ दाबल्यावर एखादा थेंब यावा, धार लागू नये. अळ्यांना त्यांनी हातही लावला नाही. त्या काळ्या सैनिक माशीच्या. चावत नाहीत, मोठी माशी अन्नावर बसायलाही येत नाही, आणि अळी कचरा झपाट्यानं संपवते. "त्या कामाला आल्या आहेत, राहू द्या."

शेवटी त्यांनी विचारलं, "विरजण लावलंत का?" दूध तसंच ठेवलं तर नासतं, विरजण लावलं तर दही होतं. पिंपाचंही तेच. जुन्या खताची ओंजळ आणि वाटीभर आंबट ताक. मला आजवर कुणीही कंपोस्टिंग इतक्या कमी शब्दांत सांगितलं नाही.

कोरडी पानं आणायची कुठून, हा प्रश्न आमच्याच रस्त्यानं सोडवला. फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटपाथच्या कडेला पानांचे ढीग लावून पेटवून देतात. सकाळी सकाळी तो धूर घशात बसतो. आता आम्ही गोण्या घेऊन जातो. झाडणाऱ्या दादांशी ठरलं आहे, ते ढीग पेटवत नाहीत, कोपऱ्यावर ठेवतात. सोनमोहराची आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पानं उत्तम, लवकर मुरतात. आंब्याचं पान चिवट, ते चुरून घालावं लागतं. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा एक गट आहे, ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत आणि ज्यांना हवी आहेत अशांची ते गाठ घालून देतात. कोरडी पानं कुणी मागून नेतं, हेच आमच्या सोसायटीत आधी कुणाला पटेना.

पिंप जमलं की कसं दिसतं ते सांगते. डिसेंबरच्या सकाळी झाकण काढावं, गच्चीवर चांगली थंडी असते, आणि आतून वाफ चेहऱ्यावर येते. हात कोपरापर्यंत आत घातला तर पोटात गरम लागतं, नुकत्याच उतरवलेल्या भाताच्या पातेल्याला बाहेरून हात लावावा तसं. वरच्या थरात काल रात्रीची गाजराची साल अजून केशरी असते. वीतभर खाली गेलं की रंग जातो, आकार राहतो. आणखी खाली आकारही जातो. अगदी तळाशी काळसर, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी. ते कशाचं झालं हे ओळखता येत नाही. आंब्याची कोय तेवढी दाद देत नाही. मुकाट पडून राहते आणि जुलैत एका सकाळी तिला तांबूस कोंब फुटलेला असतो. दर वर्षी दोन-तीन रोपं होतात. ती कुणाला द्यायची, हा आता आमच्या घरातला खरा प्रश्न आहे.

आजीच्या गावी, वाईच्या अलीकडे, घरामागे उकिरडा होता. शहरात 'उकिरडा' ही शिवी झाली. गावात ती मालमत्ता होती. उन्हाळ्यात उकिरडा उपसून शेणखताच्या गाड्या शेतात जायच्या, आणि ज्याचा उकिरडा मोठा त्याच्या घरी जनावरं जास्त हे सोयरीक जुळवणाऱ्याला लांबून कळायचं. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण आपण वापरतो ती नशिबाबद्दल. पण म्हण करणाऱ्यानं उकिरडाच निवडला, कारण त्याचं सोनं होताना त्यानं पाहिलं होतं. आजीकडे कचऱ्याचा डबा नव्हता. भाताचं पाणी, कोंडा, खरकटं म्हशीच्या आंबोणात. राख भांड्यांना. नारळाची शेंडी घासणीला, करवंटी चुलीला. नऊवारी विरली की तिची गोधडी, गोधडी विरली की पोतेरं, पोतेरं विरलं की ते उकिरड्यावर. दोडका सोलला तर शिरांची चटणी. तूप कढवलं की बेरीत साखर घालून आम्हा पोरांच्या हातावर.

पण मला आजीचं घर पुन्हा नको आहे. ती गोधडी हौसेची नव्हती. पांघरूण विकत घेण्याइतके पैसे नव्हते म्हणून तिनं कंदिलाच्या उजेडात डोळे फोडले. वाया न जाऊ देण्याचं सगळं काम त्या घरात एकाच माणसाच्या अंगावर होतं, आणि ते माणूस सगळ्यांत शेवटी, उरलेलं जेवायचं. आजही 'पर्यावरणपूरक घर' म्हणतात तेव्हा बरेचदा त्याचा अर्थ घरातल्या बाईला आणखी तीन कामं असाच होतो. म्हणून आमच्याकडे वाटणी आहे आणि मी त्या बाबतीत कडक आहे. पिंप हलवणं आणि पानांच्या गोण्या नवऱ्याकडे. दुधाच्या पिशव्या धुऊन बेसिनवरच्या टाइल्सना चिकटवणं मुलाकडे, सहावीपासून. ओल्या पिशव्या टाइलला आपोआप चिकटतात आणि वाळल्या की आपोआप खाली पडतात. पडली की सुकली, घडी करायची. हा त्याचा शोध. माझ्याकडे बाजारहाट.

बाजारहाटाचं काम वाटतं तितकं सोपं नाही. पनीरला डबा, मासळीला डबा, दळणाला डबा हे जमतं. कोपऱ्यावरच्या वाण्यानं पहिल्यांदा माझा डबा पाहून "ताई, पिशवीतच घ्या, वजन चुकेल" म्हटलं; मी आधी रिकामा डबा काट्यावर ठेवायला लावला, तेव्हापासून तो स्वतःच ठेवतो. पूर्वी हाच वाणी, म्हणजे याचे वडील, साखर कागदाच्या पुड्यात बांधून द्यायचे. वरून टांगलेल्या रिळाचा दोरा सर्रकन ओढून चार वेढे आणि हिसक्यानं तोडणं. तो दोरासुद्धा आई गुंडाळून ठेवायची. आता डाळ येतेच मुळी सीलबंद पाकिटात. तिथे माझा डबा घेऊन मी काय करणार? 26 जुलै 2005 च्या पावसात मुंबईची गटारं पिशव्यांनी तुंबली, त्यानंतर पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. 2018 मध्ये राज्यानं प्लास्टिकबंदी केली, 2022 च्या जुलैपासून देशभर एकदा वापरून फेकायच्या काही वस्तूंवर बंदी आली. भाजीवाल्याकडची पिशवी काही दिवस गेली, परत आली. पाकिटांना कुणी हात लावला नाही. दंड भरायचा तो गाडीवाल्यानं.

याबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. घरात आपण कितीही निवडलं, धुतलं, वाळवलं, तरी जे बनवतानाच असं बनवलं आहे की त्याचं पुढे काही होऊ नये, त्याचं ओझं शेवटी ताडपत्रीवर बसलेल्या बाईच्या हातात येतं. 2013 मध्ये 'स्वच्छ'च्या बायकांनी वापरलेले सॅनिटरी पॅड गोळा करून पोत्यांनी उत्पादक कंपन्यांना परत पाठवले होते. रोज उघड्या हातांनी ते निवडावे लागत होते, म्हणून. मला तो निषेध फार स्वच्छ वाटतो, शब्दाच्या प्रत्येक अर्थानं. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उघडावं लागत नाही, हेही त्यांनीच घरोघर सांगितलं. आमच्याकडे लाल स्केचपेन बाथरूमच्या फळीवर असतो. मुलानं एकदा विचारलं, हा इथे कशाला? मी सांगितलं. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्यानं ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्राचे चौकोन कापून त्या फळीवर ठेवले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या इमारतीत प्लास्टिकच्या वस्तूंचं वाण लुटायची पद्धत पडली होती. चाळण्या, डब्या, साबणाच्या ताटल्या. प्रत्येकीच्या घरी अशा पंधरा. मी एका वर्षी आईच्या जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या. आई जाऊन वर्ष झालं होतं, साड्या कपाटात तशाच होत्या. बोहारणीला द्यायचा जीव होत नव्हता. एका साडीच्या सहा पिशव्या झाल्या. आता भाजी मंडईत कधी कुणाच्या हातात ती जांभळी चौकडीची पिशवी दिसते, मेथीची जुडी बाहेर डोकावत असते, आणि मी तिथे क्षणभर थांबते.

वेंगुर्ल्याला आम्ही तीन वर्षांपूर्वी गेलो ते समुद्रासाठी. पण तिथल्या नगरपरिषदेनं डंपिंग ग्राउंडची जागा कशी साफ केली, ते बघायला वाट वाकडी करून गेलो. घरोघर वेगळा घेतलेला कचरा तिथे पुन्हा बारीक बारीक प्रकारांत निवडला जातो. झाडं आहेत, बसायला जागा आहे, वास नाही. लहान गाव, कबूल. तरी मी तिथे उभी राहून मंतरवाडीचा विचार करत होते.

मावशी आता साठीच्या आहेत. गाडी त्यांची सून ढकलते. त्या बरोबर येतात, गुडघे धरून हळूहळू. गेल्या महिन्यात त्या रंगाचा एक रिकामा डबा घेऊन आल्या. "दाराम्होरं कढीपत्ता लावलाय, जीव धरंना. थोडं खत द्या." मी गच्चीवरून घमेलं भरून आणलं. नवं खत अजून मुरायचं होतं म्हणून जुन्या कुंडीतलं काढलं, वर्षानुवर्षं खत आणि माती एकमेकांत मिसळलेलं.

त्या टाकीच्या कठड्यावर बसल्या, डबा मांडीशी धरला आणि हातानं खत भरू लागल्या. प्रत्येक ओंजळ आधी बोटांनी चाचपायची, मग डब्यात. चाळीस वर्षांची सवय. उजव्या तळव्यावरची रेघ आता पांढरी झाली आहे. मध्येच त्या थांबल्या, चिमटीत काहीतरी धरलं, पदराला पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

दुधाच्या पिशवीचा तिकोनी कोपरा. आम्ही कोपरे तोडायचं सोडल्याला आठ वर्षं होऊन गेली आहेत. निळी छपाई जराही फिकी पडली नव्हती, आणि 'दूध' मधला 'दू' नीट वाचता येत होता.